विहिरीवरचा तवंग: हुक्केरी भागातलं एक प्रकरण

हे प्रकरण ज्या गावात घडलं त्याचं नाव आणि त्यातल्या माणसांची नावं मी मुद्दाम देत नाही. गाव हुक्केरी भागातलं, महामार्गापासून चालत दहा मिनिटांवर. मी बेळगावात भूविज्ञान शिकवतो. विद्यार्थ्यांना आणि पाण्याच्या कामात असलेल्या मंडळींना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. यात एक चूक माझी आहे, आणि ती मला लपवायची नाही.

पार्श्वभूमी

विहीर बेचाळीस फुटांची, जुन्या दगडी बांधणीची. वरचे दहा-बारा फूट माती आणि मुरूम, खाली फुटका काळा दगड. दोन एकर ऊस तिच्यावर भिजतो. वीज गेली की चालवायला काठावर एक जुनं डिझेल इंजिन ठेवलेलं. गावात नळ आहे, पण उन्हाळ्यात तो आठवड्यातून दोनदा येतो. त्यामुळे वस्तीवरची तीन घरं याच विहिरीचं पाणी पितात.

एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं आणि त्यावर इंद्रधनुषी रंगांचा तवंग दिसू लागला. गावात बातमी फिरली. थोड्याच दिवसांत मोटारसायकलवरून एक माणूस आला. त्याने मोबाइलवर रंगीत नकाशा दाखवला आणि या पट्ट्यात कच्चं तेल आहे, आपल्या ओळखीची कंपनी जमीन भाड्याने घेईल, असं सांगितलं. त्याआधी नमुना तपासणी आणि नोंदणीचे १५,००० रुपये भरायचे, उताऱ्याची प्रत द्यायची आणि एका कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही करायची. मालकांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. त्याचा फोन आला, "सर, आमच्यात तेल लागलंय म्हणतेत. वडील पैसे द्यायच्या तयारीत हाईत. एकदा येऊन बघा की."

नेमकी अडचण

गेलो तेव्हा एकाच तवंगावर तीन वेगळे प्रश्न साचले होते. इथल्या खडकात तेल असू शकतं का? हा माणूस खरा की लबाड? आणि पाण्यावर जे तरंगतंय ते आलं कुठून? घरच्यांच्या दृष्टीने हा एकच प्रश्न होता. मीही त्यातला पहिला उचलला आणि बाकीचे दोन त्याच्या उत्तरातच सुटतील असं धरून चाललो.

तेल तयार होतं तरी कसं

अंगणात चहा घेता घेता काका, म्हणजे विहिरीचे मालक, म्हणाले, "खाली दगडाचं वजन किती असतंय! घाण्यात दाणं दाबल्यागत तेल निघतच असंल की." घाण्याची उपमा मला आवडली, पण गफलत तिच्यातच आहे. शेंगदाण्यात तेल आधीपासून असतं, घाणा ते फक्त बाहेर काढतो. खडकात सुरुवातीला तेल नसतंच, ते तिथं शिजून तयार व्हावं लागतं.

सुरुवात होते समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाच्या चिखलात. वरच्या पाण्यात वाढलेलं शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे प्लवक मरून खाली बसतात. त्यातलं बहुतेक सगळं इतर जीव खाऊन टाकतात किंवा ऑक्सिजनमुळे ते कुजून संपतं. तळाच्या पाण्यात ऑक्सिजन नसेल तरच थोडा भाग टिकतो आणि बारीक गाळाबरोबर गाडला जातो. त्या गाळाचा पुढे शेल नावाचा पापुद्र्यांचा खडक होतो. शेलमध्ये वजनाच्या निदान अर्धा ते एक टक्का सेंद्रिय कार्बन असेल, तरच तेलाच्या दृष्टीने त्याचा विचार होतो.

वरून गाळ चढत राहतो. सुरुवातीच्या काही शे मीटरांत जिवाणूंचं काम चालतं आणि त्यातून मिथेन वायू निघतो. उरलेले मोठे रेणू एकमेकांत गुंतून केरोजेन नावाचा घट्ट पदार्थ होतो. केरोजेन वाहत नाही, साध्या द्रावकात विरघळतही नाही. शेवाळ-प्लवकापासून बनलेल्या केरोजेनमध्ये हायड्रोजन भरपूर असतो आणि त्यातून तेल निघतं. जमिनीवरच्या झाडांच्या लाकडापासून बनलेलं केरोजेन मुख्यतः वायूच देतं.

यानंतर काम आचेचं. सर्वसाधारणपणे दर किलोमीटर खोलीला तापमान २५ ते ३० अंशांनी वाढतं. साधारण ६० अंशांच्या पुढे केरोजेनचे रेणू तुटायला लागतात आणि तेल सुटतं. १२० ते १५० अंशांपर्यंत तेलाचा जोर सरतो आणि वायूचं राज्य सुरू होतं. २०० अंशांच्या पुढे तर मागे उरतो तो ग्रॅफाइटच्या वाटेला लागलेला, कोळपलेला कार्बन. मी चुलीकडे बोट दाखवून म्हटलं की भाकरीसारखंच आहे, आच कमी पडली तर कच्ची, जास्त झाली तर कोळसा. फरक एवढाच की ही भाकरी लाखो-कोट्यवधी वर्षं तव्यावर असते, आणि वेळ जास्त मिळाला तर थोड्या कमी आचेवरही भाजून निघते.

तयार झालेलं तेल पाण्याहून हलकं असतं. ते शेलमधून निसटून सच्छिद्र खडकांतून वर सरकतं आणि वर न झिरपणारा थर आडवा आला, शिवाय खडकाचा आकार पालथ्या ताटलीसारखा असला, तर तिथं अडकतं. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल लागलं ते चुनखडीत, पण ते तेल त्या चुनखडीत जन्मलेलं नाही. त्याहून जुन्या, खोल शेलमध्ये शिजून ते तिथवर आलेलं आहे.

तेलाचा जन्म जिवांपासून होतो याचा पक्का रासायनिक पुरावा आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन शास्त्रज्ञाने १९३४ च्या सुमारास दिला. पानांतल्या हरितद्रव्याशी नातं सांगणारे रेणू त्याला खनिज तेलात सापडले. जिवाच्या खुणा तेलात शिल्लक राहतात, हा मुद्दा या प्रकरणात पुढे थेट कामाला आला.

मग इथं तेल असू शकतं का

विहिरीतला काळा दगड हा दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. तो वितळलेल्या अवस्थेत वर आला, त्यात शिजायला सेंद्रिय चिखल कुठला? पण हुक्केरी-गोकाक भागात हा लाव्हा कडेला येऊन पातळ होतो आणि त्याखालून गाळाचे खडक डोकं काढतात. गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून ५२ मीटर खाली कोसळते, तो त्याच वालुकाश्माचा. हा गाळ ज्या पुरातन खोऱ्यात साचला, त्याला बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून कलादगी म्हणतात. देशाच्या २६ गाळखोऱ्यांच्या सरकारी यादीत भीमा-कलादगीचं नावही आहे. मोबाइलवाल्याचा रंगीत नकाशा बहुधा तिथूनच उचललेला असावा.

यादीत नाव असणं म्हणजे तेल असणं नव्हे. ज्या खोऱ्यांत अजून सगळंच शोधायचं बाकी आहे, अशांच्या शेवटच्या वर्गात हे खोरं येतं. त्याचे बरेचसे खडक शंभर कोटी वर्षांहून जुने. तेव्हा मासे नव्हते, झाडं नव्हती, होते ते जिवाणू आणि शेवाळ. बागलकोट भागातल्या डोलोमाइटमध्ये त्यांनी रचलेले थर आजही दिसतात.

केवळ वयामुळे तेल अशक्य ठरत नाही, हे मी त्यांना सांगितलं. ओमान आणि सायबेरियात फार पुरातन खडकांनी तेल दिलंय. आपल्याकडे राजस्थानात बाघेवालाला जड तेल मिळालं तेही असंच जुनं. पण कलादगीचा मोठा भाग वाळूचा, क्वार्टझाइटसारखा कडक झालेला, आणि खालच्या थरांना घड्या पडलेल्या. तेल शिजलं असलंच तरी इतक्या काळात ते टिकून राहण्याची आशा थोडी. लाव्ह्याखाली दडलेल्या नव्या गाळाबद्दल म्हणाल, तर कोयनेजवळच्या खोल छिद्रात सुमारे ९३० मीटर बेसाल्टनंतर थेट ग्रॅनाइट-नाइस हा पायाचा जुना खडक लागला. मध्ये गाळाचा थर नव्हता.

पाण्यावरचा तवंग पाहून तेलाची आशा धरणं हा वेडेपणा नाही. आसामात जमिनीतून पाझरणारं तेल लोकांना माहीत होतं आणि १८८९ साली दिग्बोईला विहीर खणली गेली, त्यामागे असे पाझरच होते. काका चुकीचा विचार करत नव्हते, फक्त खाली तसा खडक नव्हता.

समोरचे पर्याय

पैसे भरायचे नाहीत, हे ठरवायला वेळ लागला नाही. आपल्या देशात जमिनीखालचं खनिज तेल शेतमालकाचं नसतं. ते शोधायचा आणि काढायचा हक्क १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्याखाली सरकारकडून मिळतो. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर शेतकऱ्याची सही घेऊन तेलाचा करार होत नाही. काकांना हे पटलं. तोवर गावातल्या दुसऱ्या दोन घरांनी पैसे दिले होते, ते परत आले नाहीत.

उरले तीन मार्ग. काहीच न करता पावसाची वाट बघणं. विहीर उपसून साफ करणं. किंवा आधी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणं आणि तोवर पिणं बंद ठेवणं.

पहिला निर्णय, आणि तो कुठे चुकला

मी दुसरा मार्ग सुचवला. त्या दिवशीची माझी वही समोर आहे: "तवंग काठीने तोडला, लगेच परत जुळला. वास डिझेलसारखा."

ही चाचणी साधी, पण महत्त्वाची आहे. लोखंडावर जगणारे जिवाणूही साचलेल्या पाण्यावर रंगीत पापुद्रा धरतात. तो काठीने हलवला की काचेसारखे तुकडे होतात आणि ते वेगळेच राहतात. तेलाचा तवंग मात्र वळसे घेत पुन्हा एक होतो. म्हणजे हे तेलच आहे, हे मला त्या दिवशी कळलं होतं. पण काठावर इंजिन दिसलं आणि मी त्याचं डिझेल सांडलं असणार असं मनात पक्कं केलं. इंजिन बाजूला घ्या, विहीर उपसा, असं सांगून निघालो. पाणी पिऊ नका, हे मी बोललो नाही.

तासभर मी तेल इथं तयार होऊ शकत नाही हे समजावत होतो, आणि ते समजावणं चांगलंच झालं. पण त्या घरापुढचा तातडीचा प्रश्न वेगळा होता. तेल कुठंही जन्मलेलं असो, ते त्यांच्या हंड्यात येत होतं.

दुसरी भेट

एकोणीस दिवसांनी पुन्हा फोन आला. विहीर उपसली होती, इंजिन दुसऱ्या बांधावर नेलं होतं, आणि चौथ्या दिवशी तवंग परत. यावेळी वास काठावरूनच येत होता.

घरातल्या सूनबाई पाणी शेंदत होत्या. मी विचारलं, "वहिनी, हा वास कधीपासून येतोय?" त्या म्हणाल्या, "पाडव्यापास्नं यायलाय की सर. चहाला पण यायचा. आत्तींना सांगितलं, तर म्हणाल्या भांडं नीट घासलं न्हाईस." मग त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पाणी खाली जाईल तसा वास वाढतो. आणि महामार्गाकडच्या वरच्या विहिरीवर कपडे धुवायला जातात, तिथं वास याहून जास्त आहे.

सगळं प्रकरण त्या दोन वाक्यांत होतं. डिझेल पाण्याहून हलकं, ते भूजलाच्या पातळीवर तरंगतं. पातळी खाली गेली की मुरमाच्या भेगांत धरून बसलेलं डिझेल सुटून विहिरीत उतरतं. पातळी चढली की ते पाण्याखालीच अडकतं आणि विहीर स्वच्छ दिसते. वर जास्त आणि खाली कमी, म्हणजे उगम चढाच्या बाजूला. पहिल्या भेटीत मी काकांशी बोललो, मुलाशी बोललो, दोघा शेजाऱ्यांशी बोललो. रोज त्या पाण्याला हात लावणाऱ्या बाईला विचारलं नव्हतं.

त्याच क्षणी पाणी पिणं बंद करायला सांगितलं, तिन्ही घरांना.

नमुना आणि त्याचं उत्तर

गडद काचेच्या बाटल्या काठोकाठ भरल्या, हवेला जागा ठेवली नाही. प्लास्टिक टाळलं, कारण तेल त्यात मुरतं. बाटल्या बर्फात ठेवून त्याच रात्री प्रयोगशाळेकडे रवाना केल्या.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात खनिज तेल लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. दोन्ही विहिरी त्याच्या वर होत्या, वरची जास्त.

हे तेल खडकातलं की कारखान्यातलं, हा प्रश्न गॅस क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातले रेणू सुटे करून दाखवणाऱ्या चाचणीच्या, आलेखाने मिटवला. रेणू बहुतेक १० ते २५ कार्बन अणूंच्या साखळ्यांचे होते. कच्च्या तेलात पेट्रोलसारख्या हलक्या भागापासून डांबरासारख्या जड भागापर्यंत सगळं मिसळलेलं असतं. शिवाय त्यात होपेन नावाचे जड रेणू असतात. जिवाणूंच्या पेशींच्या आवरणातल्या रेणूंचे हे सांगाडे कोट्यवधी वर्षं खडकात राहून तेलाबरोबर बाहेर येतात, त्याच्या जन्माची खूणच म्हणा. शुद्धीकरण कारखान्यात साधारण १८० ते ३६० अंशांत उकळणारा भाग वेगळा काढला की डिझेल होतं, आणि होपेन जड असल्यामुळे मागेच राहतात. आमच्या नमुन्यात होपेन जवळपास नव्हते. म्हणजे हे खडकातून आलेलं तेल नव्हे, कारखान्यातून आलेलं डिझेल. काकांना आलेख दाखवला तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे कुणीतरी सांडलंय."

टाकी

चार विहिरींच्या काठांची उंची लेव्हल या मोजणीच्या यंत्राने जोडली, दोरीला वजन बांधून पाण्याची खोली मोजली आणि भूजलाचा उतार काढला. तो सरळ महामार्गाच्या एका पडीक तुकड्याकडे जात होता. रस्ता रुंद करण्याच्या वेळी तिथं एका ठेकेदाराचा तळ होता. काम संपलं, माणसं गेली. झाडोऱ्यात एक लोखंडी पाइप जमिनीतून वर आलेला दिसला. खाली पुरलेली टाकी होती, तळाला गंजून भोकं पडलेली.

पंचायतीकडचा अर्ज मुलाने मराठीत लिहिला होता. कचेरीत तो स्वीकारला, पण पुढे सरकेना. शेजारच्या गावातल्या एका शिक्षकांनी तो कन्नडमध्ये लिहून दिला, सोबत प्रयोगशाळेचा अहवाल आणि उताराचा नकाशा जोडला, आणि चौथ्या दिवशी माणसं बघायला आली. सीमाभागात राहणाऱ्यांना हे नवीन नाही. मी नोंद एवढ्यासाठी करतो, की असा अर्ज पहिल्या दिवसापासून दोन्ही भाषांत तयार ठेवला तर आठवडे वाचतात.

वळीव सुरू व्हायच्या आत टाकी काढणं हा इथला खरा निर्णयाचा क्षण होता. नुकसानभरपाईचं ठरेपर्यंत टाकीला हात लावू नये, पुरावा जाईल, असं काहींचं म्हणणं होतं. तेही चुकीचं नव्हतं. आम्ही पंचनामा करून घेतला, फोटो काढले, गंजलेल्या पत्र्याचा तुकडा आणि मातीचे नमुने जपून ठेवले आणि मगच टाकी उचलली. खालचा डिझेलने भिजलेला मुरूमही काढून नेला. राहिला असता तर पावसाने तो आणखी खाली उतरवला असता.

पुढे काय झालं

पावसाळ्यात पातळी चढली आणि तवंग गेला. वासही गेला. वस्तीवर सगळ्यांनाच हायसं वाटलं आणि दोन घरांनी पुन्हा पाणी भरायला सुरुवात केली. आम्हाला सगळ्यात जास्त विरोध इथंच झाला. दिसत नाही म्हणजे गेलं असं नाही, ते पाण्याखाली अडकलंय, खरी परीक्षा पुढच्या एप्रिलमध्ये, हे घरोघरी जाऊन सांगावं लागलं. यात सूनबाईंचं बोलणं माझ्यापेक्षा जास्त चाललं. नळाचं पाणी साठवायला वस्तीला एक टाकी मिळाली.

पुढच्या एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं. वरच्या विहिरीवर पुसट तवंग आला, काकांच्या विहिरीवर आला नाही. खनिज तेलाचं प्रमाण खालच्या विहिरीत मर्यादेच्या आत होतं, वरच्या विहिरीत थोडं वर. भरपाईचा अर्ज अजून प्रलंबित आहे.

पुन्हा वेळ आली तर

पहिल्या भेटीत तवंग जुळला आणि वास आला, त्याच मिनिटाला मी पिणं थांबवेन. कारण शोधायला महिना लागो, हंडा दुसरीकडून भरायला कारण सापडण्याची गरज नसते. नमुनाही तेव्हाच घेईन. एकोणीस दिवसांची किंमत मोठी नाही असं कुणी म्हणेल, पण त्या घरात तीन वर्षांची मुलगी होती आणि ती तेच पाणी पीत होती.

इंजिनाचं अनुमान तपासायला दुसऱ्या विहिरीत डोकावणं पुरेसं होतं. तिथं इंजिन नव्हतं आणि तवंग होता. शंभर पावलांवर होती ती.

तेल कसं घडतं हे समजावणं मात्र मी सोडणार नाही. त्या माहितीमुळेच काकांचे पैसे वाचले, आणि होपेन का शोधायचे हे त्या माहितीशिवाय सुचलं नसतं. फक्त ती अंगणातली गोष्ट नमुन्याची बाटली भरून झाल्यावर सांगेन.

वरच्या विहिरीचा पुढचा नमुना येत्या मे महिन्यात, वळिवाच्या आधी, पाणी सगळ्यात खाली असताना घ्यायचा आहे. तोवर दर सोमवारी पातळी आणि वास वहीत लिहायचं काम सूनबाईंकडे आहे. वही विहिरीच्या खांबाला पिशवीत टांगलेली असते. गेल्या सोमवारची नोंद अशी: पाणी एकवीस फुटांवर, वास नाही.